माजघरातील सुभा

विजापूरच्या आदिलशाहीत दाभोळ हा नामांकित सुभा होता. १५०८ साली पोर्तुगीज आरमाराने हे बंदर जाळले, पुढे व्यापारही अन्यत्र वळला, आणि येथील वैभवशाली अंमल संपुष्टात आल्याचे इतिहासकारांनी लिहून ठेवले. या विद्वानांनी आमचे माजघर पाहिले नव्हते, हे उघड आहे. कमरेला किल्ल्यांचा जुडगा खोचलेल्या आमच्या आजीचा अंमल तेथे अबाधित असून, फणसपोळीच्या डब्यास हात लावू इच्छिणाऱ्या नातवाची पाय धुणे व परवचा या दोन्ही बाबींची रीतसर तपासणी झाल्यावाचून चतकोर तुकडाही मंजूर होत नाही.

खाडीपलीकडे दाभोळचेच नाव लावून उभा राहिलेला एन्रॉनचा वीजप्रकल्प २००१ च्या मे महिन्यात बंद पडला, तेव्हा वीज घेतली नाही तरी स्थिर आकार भरावाच लागेल, या कलमाची पंडितांनी रकानेच्या रकाने भरून मीमांसा केली; आजीने मात्र तांदूळ निवडता निवडता "जेवलं नाही तरी ताटाचे पैसे? कसली मेली ही खाणावळ!" एवढाच निवाडा दिला.

मुंबईच्या सुनेने आमसुले वाळविण्याच्या पद्धतीत सुचविलेली दुरुस्ती तूर्त विचाराधीन आहे. आजोबांचा दुसऱ्या चहाचा अर्ज तर कायमचा दप्तरदाखल झाल्यामुळे, धोपाव्याची फेरीबोट पाहून येतो असे सांगून ते धक्क्याजवळच्या टपरीवर जातात, आणि ती खबर ते घरी पोहोचण्यापूर्वीच आजीच्या दरबारी रुजू झालेली असते.