प्रात्यक्षिकाला पैकीच्या पैकी

नागरिकशास्त्र हा पूर्वी इतिहासाच्या पेपरच्या शेपटीला बांधलेला विषय. राज्यपालांचे अधिकार आणि राज्यसभा सदस्याची मुदत पाठ झाली, की पोरगा सुजाण नागरिक झाला असे धरून चालायची पद्धत होती. आता घोकंपट्टी गेली आणि कृतीतून शिक्षण आले. निवडणूक आयोगाने २०१८ पासून शाळा-कॉलेजांत मतदार साक्षरता मंडळे काढली. मोबाइलवर मतदानयंत्राचे ॲप मिळू लागले. लोकशाही दप्तरात मावू लागली.

जुलै उजाडला की शाळेत विद्यार्थी मंत्रिमंडळाची निवडणूक लागते. व्हरांड्यात बाक आडवे टाकलेले. पहिला मतदान अधिकारी हजेरीपटात नाव शोधतो, दुसरा मार्करने डाव्या हाताच्या तर्जनीवर रेघ ओढतो, तिसरा ‘ढकलू नका रे’ म्हणून ओरडतो. पुठ्ठ्याच्या खोक्याआड मोबाइल. त्यावर फुगा, पेन्सिल, फुटबॉल आणि सर्वांत खाली नोटा. बोट टेकवले की ‘बीप’. मग रेघवाली बोटे वर करून सामुदायिक फोटो. तो केंद्रप्रमुखांच्या ग्रुपवर पडला, की मतदान शांततेत पार पडले. गुरुजींना यासाठी वेगळे प्रशिक्षण लागत नाही. घरोघरी मतदार मोजण्यापासून पेट्या जमा करून पहाटे घरी परतण्यापर्यंत सगळे त्यांनी केलेले असते. शिकवणे त्यातून वेळ मिळाला तर.

मुले मात्र पुस्तकाच्या बरीच पुढे गेली आहेत. एका शाळेत आठवी-ब मधून वर्गप्रमुखपदासाठी पाच अर्ज आले. अर्ज मागे घ्यायची मुदत मधल्या सुट्टीपर्यंत. एवढ्या वेळात एकाला कबड्डीचे कप्तानपद मिळाले, एकाला शेवटचा बाक, एकाचा भूगोलाचा प्रकल्प दुसऱ्याने करून द्यायचा ठरला आणि चौथ्याला त्याच्या मोठ्या भावाकडून निरोप आला. घंटा झाली तेव्हा रिंगणात एकच उरला. गुरुजींनी फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिले, ‘बिनविरोध’, आणि या सामंजस्याबद्दल टाळ्या वाजवायला लावल्या. पाठ तयार करताना एक गोष्ट मात्र राहून गेली. निवडणूक बिनविरोध झाली की नोटाचे बटण दाबायला यंत्रच समोर येत नाही.

मुलांना हे कोणी शिकवले, असे विचारू नये. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी इथे सरपंचपदाचा लिलाव झाल्याचे उघडकीस आले, तेव्हा राज्य निवडणूक आयोगाला दोन्हीकडची ग्रामपंचायत निवडणूकच रद्द करावी लागली. तिथे बोली लाखा-कोटींत होती. आठवी-बने कबड्डीवर भागवले, एवढाच काय तो वयाचा फरक.

कृतियुक्त अध्यापनात लोकप्रतिनिधीही मागे नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यातले एक आमदार जिल्हा परिषदेच्या शाळेत गेले आणि त्यांनी मुलांना सोपा उपक्रम दिला. आई-बाबा आपल्याला मत देणार नसतील तर दोन दिवस जेवायचे नाही. नुसता दिला नाही, मुलांकडून वदवूनही घेतला. प्रश्नोत्तर पद्धत, गृहपाठ, पालकांचा सहभाग, एका पाठात सगळे बसवले. मुलांना निवडणुकीच्या कामापासून लांब ठेवा, असे आयोगाने त्याच महिन्यात बजावले होते. पण शिक्षणाची तळमळ असलेला माणूस परिपत्रकाने थांबतो होय?

बरे, एवढी तालीम झालेला मुलगा पुढे कॉलेजात जातो. तिथे त्याला कळते, की विद्यार्थ्यांच्या खुल्या निवडणुका १९९० च्या दशकातच बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने दार किलकिले केले. २०१९ मध्ये त्या होणार होणार म्हणता पुढे ढकलल्या गेल्या. म्हणजे अठरा वर्षांचा मुलगा देशाचा खासदार निवडण्याइतका शहाणा, पण वर्गाचा प्रतिनिधी निवडण्याइतका नाही.

निदान नगरसेवक तरी? मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झाले १५ जानेवारी २०२६ ला. मधल्या काळात प्रशासक होते, आणि प्रशासकांना मतदार लागत नाही. ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ मध्ये मतदानाचे वय एकविसावरून अठरावर आणले होते. मार्च २०२२ मध्ये अठरा पूर्ण झालेल्या मुंबईकराला नगरसेवक निवडायला बाविशीच्या उंबरठ्यापर्यंत थांबावे लागले. घटनेला हात न लावता वय वाढवून दाखवणे याला प्रशासकीय कौशल्य म्हणतात.

आता पुन्हा शाळेकडे वळू. शपथविधी झाला. आरोग्यमंत्री, स्वच्छतामंत्री, पाणीमंत्री, पोषण आहार मंत्री, सगळे छातीवर बिल्ले लावून उभे. सहावीतल्या एका मुलीने विचारले, “सर, मुलींच्या संडासाला पाणी नाही. पाणीमंत्र्यांनी काही केलंच नाही तर त्यांना काढायचं कसं?” गुरुजी घुटमळले. आमदाराला मुदतीआधी परत बोलावायची सोय आपल्या कायद्यात नाही, तर सातवीतल्या मंत्र्याला कुठून आणायची? शेवटी ते म्हणाले, “बाळ, आपला उपक्रम मतदानापर्यंतच आहे.” अहवालात मात्र ‘उद्दिष्ट शंभर टक्के साध्य’ असेच गेले.

गुरुजी खोटे बोलले नाहीत. आपल्याकडे मोठ्यांचा उपक्रमही तिथपर्यंतच असतो. बटण दाबायला शिकवणे हा या विषयातला सगळ्यात सोपा धडा आहे, आणि तो मुले मोबाइलवर केव्हाच शिकली आहेत. अवघड धडा निकालानंतर सुरू होतो. शाळेने त्या मंत्रिमंडळाला खरेच पाचशे रुपये खर्चायला द्यावेत, महिन्याच्या शेवटी फळ्यावर हिशेब मांडायला लावावा आणि ज्यांनी मते दिली त्यांना उलटतपासणी करू द्यावी. पाणीमंत्र्याला एकदा सगळ्या मुलींसमोर उभे राहून उत्तर द्यावे लागले, तर ॲपची गरज उरणार नाही.

पालकांना एक विनंती. घरात सतरा पूर्ण झालेले मूल असेल, तर अठराव्या वाढदिवसाची वाट पाहू नका. नमुना ६ चा अर्ज आगाऊ करता येतो, आणि वयाची पात्रता आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशी वर्षातून चारदा मोजली जाते. अर्ज भरताना त्या सहावीतल्या मुलीचा प्रश्नही त्याच्या कानावर घाला.