मांडीवरचा प्रवासी

दोन वर्षांखालच्या माणसाला विमानात स्वतःची जागा नसते. तो कुणाच्या तरी मांडीवरून जातो आणि परदेशच्या तिकिटावर मोठ्यांच्या भाड्याच्या साधारण दहा टक्के भरून सुटतो. मेख एवढीच, की जाताना मांडीवर गेलेल्याने तिकडे दुसरा वाढदिवस साजरा केला, तर येताना त्याची अख्खी जागा घ्यावी लागते. आमची भाची आणि जावई कंपनीच्या कामासाठी वर्षभर न्यू जर्सीला निघाले तेव्हा धाकटा अकरा महिन्यांचा होता. जावयाने परतीची तारीख वाढदिवसाच्या आठवडाभर आधीची काढली. लग्नानंतर प्रथमच मला त्याच्याबद्दल मनापासून आदर वाटला.

तयारीची सुरुवात बॅगांपासून होते असं समजणाऱ्याने तान्ह्याचा पासपोर्ट काढलेला नाही. पार्श्वभूमी पांढरी हवी, चेहरा समोर हवा, डोळे उघडे हवेत आणि फोटोत दुसऱ्या कुणाचा हात दिसता कामा नये. ज्याला अजून मान धरता येत नाही त्याच्याकडून ही अपेक्षा! मग पांढऱ्या चादरीवर निजवायचं, एकाने वरून फोटो काढायचा, एकाने खुळखुळा वाजवायचा आणि आजोबांनी वाटेतून बाजूला व्हायचं. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षं चालतो. म्हणजे हा टक्कल असलेला, गोंधळलेला चेहरा उद्या दात पडलेल्या मुलाशी ताडून पाहायची जबाबदारी खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्यावर येते. त्या माणसांना सरकार पगार उगाच देत नाही.

खरी तयारी मात्र आजी करते. आमच्या अक्काने वेखंड, हळकुंड, जायफळ, मुरुडशेंग, हिरडा, खारीक असं सगळं एका पुरचुंडीत बांधलं आणि सोबत दगडी सहाण ठेवली. जावई म्हणाला, "आई, सहाण दोन किलोची आहे."

"मग गुटी काय लॅपटॉपवर उगाळणार?"

बाळाच्या डॉक्टरांना गुटी पसंत नाही हे अक्काला ठाऊक आहे. म्हणूनच ती हा विषय त्यांच्यापुढे काढत नाही. पण अमेरिकेत उतरताना मुळ्या, बिया, सालं असलं काहीही जवळ असेल तर ते जाहीर करावं लागतं. मुरुडशेंगेला इंग्रजीत काय म्हणतात आणि ती पिळासारखी का वळलेली आहे, हे सोळा तासांच्या प्रवासानंतर वर्दीतल्या माणसाला समजावून सांगायचं, या कल्पनेनेच जावई पांढरा पडला. शेवटी तह झाला. पुरचुंडी घरी राहिली, सहाण गेली.

ओटीतल्या खोबऱ्याच्या वाटीचा तंटा त्याहून मोठा. सुकं खोबरं तेलकट असल्यामुळे आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानवाले ते धोकादायक मालात धरतात. "ओटीच्या खोबऱ्याने विमान पेटतं होय?" असं अक्काने मला विचारलं, जणू नियम मीच केला होता.

पातळ पदार्थांचं गणित वेगळं. 2006 साली लंडनमध्ये पेयांच्या बाटल्यांतून स्फोटकं नेण्याचा कट उघडकीला आला, तेव्हापासून परदेशच्या विमानात हातातल्या सामानात 100 मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली बहुतेक ठिकाणी चालत नाही. बाळाचं दूध आणि पेज यांना प्रवासापुरती सूट असते. ही सूट बाळाची आहे, आजीच्या लोणच्याची नाही, एवढं घरात आधी स्पष्ट करावं. थोरल्या मुलीने स्वतः भरलेली पाठीवरची बॅगही घरीच उपडी करून पाहावी. भाचीच्या थोरलीच्या बॅगेत भातुकलीतला बंब, एकच मोजा आणि माझी हरवलेली कात्री निघाली.

आता कानांकडे येऊ, कारण बाळ रडतं ते बहुतेक कानांपायी. कळसूबाईचं शिखर 1646 मीटर उंच आहे. विमान पस्तीस हजार फुटांवर असताना आतली हवा साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ ठेवलेली असते. म्हणजे दुपट्यात गुंडाळलेलं आपलं बाळ कळसूबाईच्याही वर जाऊन आलेलं असतं. उतरताना दाब वाढतो. घसा आणि कान यांना जोडणारी नळी लहान मुलांत अरुंद आणि आडवी असते, ती चटकन उघडत नाही आणि कान दुखतात. गिळलं की ती उघडते. म्हणून उतरताना पाजावं, निजलं असलं तर उठवून पाजावं. झोपलेल्या बाळाला उठवू नये हा आपल्या घरातला पहिला कायदा. तो कुणी मोडायचा यावर नवरा-बायकोत जे होतं त्याला हवेचा दाब जबाबदार नसतो.

हल्ली काही पालक आजूबाजूच्या प्रवाशांना कानात घालायचे बोळे आणि चॉकलेटं वाटतात, रडण्याबद्दल आगाऊ माफी म्हणून. भाचीने तसल्या पुड्या करायला घेतल्याही होत्या. अक्काने त्यातलं एक चॉकलेट तोंडात टाकून विचारलं, "मूल रडणार नाही तर काय भाषण करणार?" पुड्यांचं काम तिथेच थांबलं. माझं मत अक्काच्या बाजूने आहे. शेजारच्याची भीती ही बॅगेतली सगळ्यात जड वस्तू असते आणि ती कुठल्याच काट्यावर दिसत नाही.

एक गोष्ट मात्र कुणाच्याच यादीत नसते. बाळासाठी सगळे चार-चार जोड कपडे घेतात. पण बाळ ओकतं ते मांडीवर आणि मांडी मोठ्या माणसाची असते. तेव्हा त्या चारांतला एक जोड काढा आणि त्या जागी बाबांचा एक शर्ट आणि आईचा एक कुडता ठेवा. हातातल्या बॅगेत, विमानाच्या पोटातल्या नव्हे.