खो-खोचे सर

जळगावहून धुळ्याला एसटीने निघालात की एरंडोल येतं, पारोळा येतं, आणि मधल्या गावांच्या कडेने शाळेची मैदानं दिसत राहतात. गाडी पहाटेची असेल तर त्यातल्या एखाद्यावर ट्रॅकसूट घातलेला, गळ्यात शिट्टी आणि कपाळाला गंध असलेला एक तरुण पोरांवर ओरडताना दिसेल. त्याच्या पाठीवर ‘महाराष्ट्र’ असं छापलेलं असतं. तो राज्याकडून कधी खेळला, हे विचारू नये. निवड चाचणीची हकिकत अर्धा तास चालते आणि शेवटी दोष गुडघ्याचा निघतो.

आमच्या गावात हे पद भूषवणारे सर आता पुण्याला एका अकादमीत गेले. पगार घेतात म्हणे. ऐकून गावाला धक्काच बसला, कारण सरांनाही पगार लागत असेल ही गोष्ट कधी कोणाच्या डोक्यातच आली नव्हती.

सर बी.पी.एड. झालेले, शाळेत तासिका तत्त्वावर. पैसे तासाचे, तेही बिल मंजूर झाल्यावर. काम मात्र पहाटे साडेपाचपासून, कारण मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ला टेकतो आणि नऊनंतर मैदानावर कुत्रंही थांबत नाही. पालक समोर असले की सर शुद्ध मराठीत ‘बेटा, वेग वाढव’ म्हणत. पालक फाटकाबाहेर पडले की, “काय करी राहिना रे भो, पय ना!” पोरं पळायची ती दुसऱ्या वाक्यावर.

मैदानाच्या कोपऱ्यात मारुती. स्पर्धेला निघण्याआधी त्याला नारळ, आणि या नारळाचा एक कणही वाया जायचा नाही. पाणी कर्णधाराला, खोबरं बाकीच्यांना, आणि करवंटीला तळाशी भोक पाडून तिच्यात फक्की भरायची की मैदान आखायला साधन तयार. सर वाकून, करवंटी झटकत अशी रेघ मारत की दोरी लावून बघावी. रेघेवर कोणी पाय दिला तर चप्पल घालून देवळात शिरल्यासारखे बघायचे.

नवसाच्या बाबतीत त्यांचे नियम कडक. जिंकण्यासाठी नवस करायचा नाही, देवीला पक्षपात करायला लावणं बरं नव्हे. नाणेफेकीसाठी मात्र चालतो, कारण तिथे कौशल्याचा संबंध नसतो. चैत्रात खान्देशातून हजारो माणसं उन्हातान्हात चालत वणीच्या गडावर सप्तशृंगीला जातात, त्यांत सर दरवर्षी असत, शिट्टीसकट. मुक्कामाच्या ठिकाणी म्हाताऱ्यांना ओळीत उभं करून पोटऱ्या ताणायला लावत. म्हाताऱ्या शिव्या घालत आणि ताणत. खो-खो हा देवीचाच खेळ, असं त्यांचं ठाम मत होतं. मैदानात उतरणारे ९, मोठ्यांच्या डावात पाठलाग ९ मिनिटांचा, आणि नवरात्रही ९च दिवसांचं. आणखी पुरावा काय पाहिजे?

संघाचे कपडे वहिनींच्या शिलाई मशीनवर शिवले जात. घरही त्याच मशीनवर चालायचं, पण हे सरांच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही. एकदा घाईत इंग्रजी ६चा आकडा उलटा शिवला गेला आणि एकाच संघात दोन ९ उतरले. समोरच्यांनी हरकत घेतली. सरांनी पंचांना नऊ आकड्याचं माहात्म्य सांगायला घेतलं. पंचांनी ऐकून घेतलं आणि पोराला बनियन उलटं करून खेळायला लावलं.

लग्न ठरवताना मुलीकडच्यांनी मुहूर्त काढून आणले, तर सरांनी शालेय स्पर्धांचं वेळापत्रक पुढे ठेवलं. तालुका, जिल्हा, मग विभाग नाशिकला. त्यातून एकच तारीख उरली. हळदीच्या दिवशीही ते संध्याकाळचा सराव उरकून आले, तेव्हा आई म्हणाली, “तुनं लगीन शे का म्याच शे?” सर म्हणाले, “दोन्ही.”

पण सर पाहावेत ते कानबाईला. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमची ही खान्देशी देवी, कानबाई, बसते. सुरतेला, पुण्याला गेलेले भाऊबंद रोटांच्या प्रसादासाठी घरी येतात. वीस-पंचवीस माणसं एका अंगणात सापडली की सरांचा हात शिट्टीकडे जायचा. पुरणपोळ्या करायला बसलेल्या बायकांना त्यांनी एकदा एका ओळीत, एकीचं तोंड पूर्वेला तर दुसरीचं पश्चिमेला, असं बसवून पाहिलं. काकूने लाटणं उगारल्यावर डाव बरखास्त झाला. दुपारी सुरतेच्या कापड बाजारात पोट सुटलेल्या चुलत भावांना खो-खो. सोमवारी विसर्जनाला डोळे पुसत नदीवर, आणि तिथूनच गुलालासकट मैदानावर.

जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे पुरुष आणि महिला, दोन्ही संघ नेपाळला हरवून जिंकले. सरांनी गावभर जिलबी वाटली, बहुधा उधारीची. दुसऱ्या दिवशी पालकांची रांग लागली. सर हरखले. पालकांचा प्रश्न एकच होता: दहावीला सवलतीचे गुण किती, आणि नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणात हे बसतं का?

त्यांची बरीच पोरं पोलीस भरतीत लागली. १६०० मीटर पळायला सरांनी फुकट शिकवलं. स्वतः सर मात्र भरतीच्या ऐन वर्षी संघ घेऊन बाहेरगावी होते, पुढे वय गेलं. एकदा धुळ्याच्या चौकात हेल्मेट नाही म्हणून त्यांना अडवलं, तो त्यांचाच जुना कर्णधार. त्याने पाया पडून दंड केला. सर गावात येऊन अभिमानाने सांगत होते, “पोरगं नियमाने खेळतं.”

सरांच्या जागी अजून कोणी आलेलं नाही. तुमच्या गावात असे सर असतील, तर गुणांचं विचारायला फेब्रुवारीत जाऊ नका. पोराला जूनमध्ये पाठवा, पहाटे साडेपाचला, आणि जमलं तर सोबत सरांसाठी डबा द्या. ते घरून उपाशी निघालेले असतात.