मु. पो. चकलांबा, पाच तारे

चकलांब्यात माणसाची पत काढायला एकच प्रश्न पुरतो. "कुणाचा रे तू?" वडिलांचं नाव सांगितलं की समोरचा आजोबांवर जातो, तिथून आजोळावर, आणि चहा येईपर्यंत तुमचा निकाल लागलेला असतो. आजोबांनी १९७२ च्या दुष्काळात कुणाची ज्वारी बुडवली असेल, तर ती अजून नातवाच्या नावावर निघते. उलट आजोबा शब्दाला पक्के असतील, तर नातू खुशाल उधारीवर खताच्या गोण्या नेतो. यात नातवाचं स्वतःचं कर्तृत्व काय, हे कुणी विचारत नाही. विचारलं तर निम्म्या गावाची अडचण होईल.

माझ्या पुतण्याचं घोडं अडलं ते इथंच. त्यानं इंटरनेटवरून काम मिळवायचं ठरवलं. काम साधं: परदेशातल्या लहान दुकानदारांचे एक्सेलचे तक्ते नीट करून द्यायचे. एकच गिऱ्हाईक तीनदा लिहिलं गेलं असेल तर ते एकदा करायचं, फोन नंबर एका पद्धतीत आणायचे, तारखा सारख्या लिहायच्या. त्याची आई याला "झाडलोट" म्हणते, आणि ते काही चूक नाही. पण ओहायोतला दुकानदार त्याला "कुणाचा रे तू" असं विचारणार नाही, आणि विचारलंच तर उत्तराचा उपयोग नाही. आमच्या वडिलांचा लौकिक फार तर शेवगावपर्यंत पोचला होता. तेव्हा सगळी पत एका पानात मावायला हवी. त्या पानाला प्रोफाइल म्हणतात.

त्याचं पहिलं प्रोफाइल म्हणजे गेवराईच्या चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्सच होता. चुलतभावाच्या लग्नातला ब्लेझर, डोळ्यांवर गॉगल, आणि खाली विशेषणांची रांग: प्रामाणिक, मेहनती, ध्येयवादी, वेळेचा पक्का. मित्रपरिवाराचे फोटो तेवढे राहिले होते. कौशल्यं विचारू नका. एक्सेल, लोगो, व्हिडिओ, भाषांतर, मार्केटिंग, शिवाय कायदेशीर मसुदे. नाव म्हणून "सॅम". गाव म्हणून पुणे.

"पुणे कामून लिहिलंस रे?" मी विचारलं.

"काका, चकलांबा कुणाला माहीत हाय?"

"अन् ओहायोत पुणं माहीत हाय?"

यावर तो गप्प बसला. पुढचं काम वेबसाइटनं केलं. तिनं ओळखपत्र मागितलं. आधार कार्डावर वडिलांच्या नावासकट तीन नावं आणि मु. पो. चकलांबा, तालुका गेवराई, जिल्हा बीड. सॅमचा कुठं पत्ताच नाही. चकलांब्याला स्वतःचं पोलीस ठाणं आहे, चारित्र्य पडताळणीचा दाखला ही काय चीज असते ते इथल्या पोरांना ठाऊक आहे. तरी इंटरनेटवर कोण बघतंय, असं त्यांना वाटतं. तिथं तर जास्तच बघतात.

मग पान नव्यानं लिहायला घेतलं. मी मास्तरकीत आयुष्य काढलेलं, तेही इतिहासाच्या, त्यामुळं मी सुचवलं की गावाची ओळख देताना जवळच्या राक्षसभुवनाचा उल्लेख असू दे. १० ऑगस्ट १७६३ रोजी थोरल्या माधवरावांनी निजामाच्या फौजेला गोदाकाठी तिथंच धूळ चारली होती. पुतण्यानं माझा मान राखून ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, त्या माणसाला फोन नंबर सरळ करून पायजेत." मला हे थोडं लागलं, पण मुद्दा बिनतोड होता. गिऱ्हाईक आपली गोष्ट वाचायला येत नाही, स्वतःचा घोळ घेऊन येतं. तो घोळ याला कळला आहे की नाही, एवढंच त्याला बघायचं असतं.

कळला आहे हे दाखवायचं कसं? हाताशी जुनं काम नव्हतं. मग त्यानं गावातल्या एका किराणा दुकानाची उधारीची वही मागून आणली आणि ती एक्सेलमध्ये उतरवली. त्या वहीत "आण्णा", "आन्ना" आणि "आण्णा मळेवाले" अशी तीन खाती होती. तिन्ही माणसं एकच निघाली. बेरीज झाल्यावर दुकानदार खूश झाला आणि आण्णांनी आमच्या घरी यायचं सोडलं. पण नमुना झकास झाला. डावीकडं आधीचा तक्ता, उजवीकडं नंतरचा, मधे चार ओळी: काय चुकलं होतं, कसं शोधलं, काय बदललं, आणि कुठं शंका आली म्हणून मालकाला विचारलं. इंटरनेटवर टाकताना सगळी नावं आणि रकमा बदलल्या, आणि बदलल्या आहेत हेही खाली लिहिलं. दुसऱ्याची वही झाकून ठेवणारा आपलीही झाकेल, हा हिशेब ओहायोतल्या माणसालाही कळतो.

कौशल्यांच्या यादीतून एक्सेल सोडून सगळं गेलं. गॉगल गेला. विशेषणं गेली; ती काढताना पोराला सगळ्यात जास्त त्रास झाला. शेवटी एक वाक्य त्यानं आपल्या मनानं घातलं: आमच्याकडं वीज जाते, म्हणून मी सांगतो त्या मुदतीत एक दिवस राखून ठेवलेला असतो. हे ऐकून वहिनी म्हणाल्या, "घरचं उणं जगाला कशाला सांगायचं?" मलाही तसंच वाटलं होतं. पण पहिलं काम देणाऱ्या बाईनं निरोपात लिहिलं की बाकी सगळे आजच्या आज देतो म्हणतात, उशीर का होऊ शकतो हे फक्त तू सांगितलंस.

ही वेबसाइटची यंत्रणाच मुळात अविश्वासातून जन्मली आहे. ओडिसियस त्सातालोस नावाचा ग्रीक माणूस अमेरिकेत कंपनी चालवत होता. अथेन्समधला त्याचा जिवलग मित्र कामाला अगदी योग्य होता, पण इतक्या लांबून काम करणाऱ्यावर भरवसा कसा ठेवायचा, म्हणून इतर सहकारी बिचकत होते. तेव्हा दूरचं काम डोळ्यांना दिसावं अशी सोय दोघा मित्रांनी मिळून केली. त्यातून २००३ साली ओडेस्क उभी राहिली. पुढं ती ईलान्सशी जोडली गेली आणि २०१५ मध्ये अपवर्क झाली. तासावर काम घेतलं तर तिथं दर दहा मिनिटांच्या टप्प्यात एकदा तुमच्या पडद्याचा फोटो निघतो. वहिनींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मुकादम तरी दुपारी झोपायचा."

मुकादमाचा विषय आमच्या भागात कुठूनही निघतो. दिवाळीच्या आगेमागे इथली घरं ऊसतोडीला निघतात, आणि त्याआधी कोयत्यामागं, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागं, मुकादम उचल देतो. पैसा आधी, काम नंतर. ऐकायला सोयीचं वाटतं, पण त्या उचलीनं मजूर हंगामभर बांधला जातो, आणि फिटली नाही तर पुढच्या हंगामालाही. उचल घेऊन न येणारे असतात, तसे हिशेबात मारणारे मुकादमही असतात. इंटरनेटवर उलटं आहे. ठरलेल्या रकमेचं काम असेल तर गिऱ्हाईक पैसे आधी भरतं, पण ते मधल्या वेबसाइटकडं पडून राहतात आणि काम पसंत पडल्यावर सुटतात. मधल्याचा टक्का मात्र दोन्हीकडं आहे. फायव्हर ही वेबसाइट तर शंभरातले वीस कापून घेते. पण कुणी कुणाला बांधलेलं नसतं, आणि मला ही रीत बरी वाटते, जरी पुतण्या त्या टक्क्याबद्दल रोज चडफडत असला तरी.

खरी अडचण पहिल्या कामाची. काम नाही म्हणून अभिप्राय नाही, अभिप्राय नाही म्हणून काम नाही. अमांडा पॅलेस या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी हे तपासून पाहिलं आणि २०१४ साली प्रसिद्ध केलं. ओडेस्कवर डेटा एंट्रीसाठी अर्ज केलेल्यांतून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी ९५२ माणसं निवडून त्यांनी प्रत्येकाला दहा तासांचं काम दिलं आणि झाल्यावर खरा अभिप्राय लिहिला. एवढ्यानं त्यांतल्या नवख्यांना पुढं जास्त काम मिळालं आणि कमाईही वाढली. माणसं तीच, हुशारी तीच. फक्त एका तिऱ्हाइतानं चारचौघांत लिहून ठेवलं होतं.

आता हे लिहिणं आपल्याला जमतं का? मराठवाड्यात पाहुणा तीन भाकरी आणि वाटीभर ठेचा संपवतो, हात धुतो आणि म्हणतो, "बरं झालतं." ही आमच्याकडची कमाल स्तुती. "वाईट नाही" म्हटलं की बाई दिवसभर खूश असते. आणि तिकडं पहिलं काम देणाऱ्या त्या बाईनं फोन नंबर सरळ झाल्यावर पुतण्याला लिहिलं की तू अद्भुत आहेस. घरात चारदा वाचून दाखवलं गेलं. पण तिथं सगळेच अद्भुत असतात. जॉन हॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा बाजाराचा अभ्यास करून दाखवलं की गुण वर्षागणिक फुगत गेले, आणि काम सुधारलं हे त्याचं पुरेसं कारण नव्हतं. वाईट गुण दिले तर समोरच्याचं पोट मारलं जातं, म्हणून माणसं हात आवरतात. परिणाम असा की आता चार तारे म्हणजे जवळपास तक्रारच.

म्हणून एक विनंती. तुमचं दुकान असेल, दवाखाना असेल, छोटासा कारखाना असेल, तर एखादं लहानसं काम अशा नव्या पोराला किंवा पोरीला देऊन बघा. काम झाल्यावर "ओके" लिहून मोकळे होऊ नका. काय दिलं होतं, कधी झालं, कुठं अडलं आणि अडल्यावर त्यानं काय केलं, एवढं तीन ओळींत खरं खरं लिहा. आणि पसंत पडलं असेल तर तारे पाचच द्या; तुमच्या मनातलं "बरं झालतं" त्या वेबसाइटला कळत नाही.