गप्प कादंबरीला बोलतं करू नका

कमी बोलणारी कादंबरी पडद्यावर आणायची म्हटली की निर्मात्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘पण यात घडतं काय?’ मग मुळात नाही ते घडवलं जातं. खलनायक घुसवतात, कोर्टाचा प्रसंग घुसवतात, आणि नायकाच्या मनातलं सगळं निवेदनातून प्रेक्षकाच्या कानात ओततात. कादंबरी तिथेच मरते.

हे टाळता येतं, याचा पुरावा म्हणजे ‘स्मॉल थिंग्ज लाइक दीज’ (२०२४). क्लेअर कीगन यांची मूळ कादंबरी २०२१ची, एका बैठकीत वाचून होणारी. १९८५चा नाताळ, आयर्लंडमधलं न्यू रॉस हे छोटं गाव. बिल फर्लाँग कोळसा विकतो. घरी बायको आणि पाच मुली. कॉन्व्हेंटमध्ये कोळसा पोचवायला गेल्यावर त्याला तिथल्या कोळशाच्या कोठीत कोंडलेली एक मुलगी दिसते. कुमारी मातांना आणि ‘बिघडलेल्या’ ठरवलेल्या मुलींना राबवून घेणाऱ्या मॅग्डलीन लॉन्ड्रीज अशाच कॉन्व्हेंटमधल्या जोगिणी चालवत होत्या. शेवटची बंद झाली ती १९९६ मध्ये. गावाला सगळं ठाऊक असतं, पण कुणी तोंड उघडत नाही.

ज्या गोष्टीचा विषयच गप्प बसणं हा आहे, तिच्यात बडबड भरली तर उरतं काय?

पटकथाकार एंडा वॉल्श आणि दिग्दर्शक टिम मीलंट्स यांनी हे ओळखलं. किलियन मर्फीचा फर्लाँग घरी येतो आणि ब्रशने हात घासत राहतो. कोळसा निघतो, पाहिलेलं निघत नाही; हे सांगायला एक शब्दही खर्च होत नाही. मदर सुपीरियर त्याला शेकोटीपाशी बसवते, चहा देते, मुलींच्या शाळेची चौकशी करते, नाताळच्या पाकिटात पैसे घालते. आवाज चढत नाही, तरी धमकी पोचते. या छोट्या भूमिकेसाठी एमिली वॉटसनला बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल मिळालं.

शेवटी फर्लाँग त्या मुलीला आपल्या घरी आणतो. पुढे गावाने काय केलं, बायको काय म्हणाली, हे पुस्तक सांगत नाही, चित्रपटही नाही. तो हिशेब पाहणाऱ्याने स्वतःशी मांडायचा असतो.

लेखिकेने वाचकावर टाकला तेवढा विश्वास प्रेक्षकावर टाकायची ज्याची तयारी नाही, त्याने अशा पुस्तकाचे हक्क विकत घेऊच नयेत.