चौकशीभाऊ

गोंडवाना विद्यापीठाच्या हद्दीतलं कुठलंही वसतिगृह घ्या, मूलचं असो की अहेरीचं, तिथे एक चौकशीभाऊ असतोच. हजेरीपटावर त्याचं वेगळं नाव असतं, पण ते सरांनाही आठवत नाही. साधी चप्पल घ्यायची तरी हा चौघांना विचारणार, आणि पाचव्यानं नाक मुरडलं की परत करायला जाणार.

एके दिवशी फोन येतो. "महाडीबीटीतून बोलतोय. तुमची शिष्यवृत्ती अडकलीय. लगेच ओटीपी सांगा."

"थांबा जी सर, बाबूले विचारतो." फोन तसाच चालू ठेवून स्वारी कॉलेजच्या कार्यालयाकडे निघते. वाटेत चहावाले मामा, झेरॉक्सवाल्या काकू, एसटीची वाट पाहणारे अनोळखी आजोबा, सगळ्यांचं मत घेतलं जातं. शेवटी बाबू चष्म्यावरून बघतात. "शिष्यवृत्ती आधार जोडलेल्या खात्यात सरळ जमा होते. ओटीपी कोण मागून राहिला बे?" तोवर पलीकडच्यानं फोन ठेवलेला असतो. भाऊ दुखावतो, "बोलता बोलता कट केला गा!"

मग मेसेज येतो: वनरक्षकाची नोकरी, परीक्षा नाही, फक्त फायलीचा खर्च. भाऊ थेट वनरक्षकालाच गाठतो. तो बिचारा भडकतो, "मी भरतीत 5 किलोमीटर धावलो, ते काय हवा खायले?"

खाकीतल्या 'साहेबा'नं व्हिडिओ कॉलवर डिजिटल अटक केली, तेव्हा तर कहर झाला. "दार लावा, कोणाला सांगू नका," हे साहेबाचं वाक्य संपायच्या आत अख्खा मजला मोबाईलभोवती जमला होता. झाडीपट्टीची नाटकं रात्र-रात्र जागून पाहिलेली पोरं ती. "वडशाच्या नाटक कंपनीतला इन्स्पेक्टर यापेक्षा बरा," असा निकाल लागला. कायद्यात डिजिटल अटक नावाचा प्रकारच नाही, हे विधी शाखेच्या पोरानं सांगेपर्यंत साहेबच फरार झाले.

शेजारच्या खोलीतल्या हुशाराला मात्र कोणाला विचारायची गरज कधीच पडत नाही. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन लागत नाही, हे त्याला पाठ आहे. पण लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाईल त्यानं रात्री एकट्यानंच उघडली, आणि सकाळी आईच्या तेंदूपत्त्याच्या मजुरीचे पैसे खात्यातून गेले होते. लाजेपोटी तो गप्प बसला. अखेर चौकशीभाऊनंच त्याच्या तोंडून ते काढलं, चौघांना विचारलं आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या 1930 ला फोन लावायला लावला. तक्रार जितकी लवकर, तितकी पैसे मधेच अडवले जाण्याची आशा जास्त.

ठगाला दोन गोष्टी लागतात: आपली घाई आणि आपलं गुपित. भाऊकडे दोन्हींचा कायमचा तुटवडा. म्हणून त्याला लुटणं हे मेहनतीचं काम आहे, आणि मेहनतच करायची असती तर ठग या धंद्यात आला नसता.

या सवयीची किंमत भाऊनं एकदाच मोजली. वर्गातल्या एका मुलीनं त्याला मेसेज केला, 'तू मला आवडतोस.' भाऊनं त्याचा स्क्रीनशॉट लगोलग वर्गाच्या ग्रुपवर टाकला: 'हे खरं आहे का गा?'

मेसेज खरा होता. दुसऱ्या दिवसापासून नव्हता.