मुक्काम पोस्ट फॉन्ट

मी नकाशे करतो. हे वाक्य उच्चारताना माझी मान आपोआप वर जाते. चौदा तालुके, 17,048 चौरस किलोमीटर, क्षेत्रफळात राज्यात पहिला असा आमचा जिल्हा मी एका पडद्यावर बसवून दाखवतो, आणि उजव्या कोपऱ्यात, उत्तरेच्या बाणापेक्षा किंचित मोठ्या अक्षरांत, स्वतःचं नाव घालतो. त्या नावासाठी खास वळणदार फॉन्ट राखून ठेवलाय. गावांच्या नावांना तो देत नाही. गावांनी आपली पायरी ओळखावी.

क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधली फाईल मी लिनक्सवर करतो, घेणारा ती विंडोजवर उघडतो, त्याचे साहेब मॅकवर. सॉफ्टवेअर तिन्हीकडे तेच. प्रवरा-मुळा नद्या जागच्या जागी असतात, कळसुबाई 1646 मीटरवरून खाली येत नाही. हलतात ती अक्षरं. कारण प्रोजेक्टच्या फायलीत साधारणपणे फॉन्ट नसतोच, फॉन्टचं नाव असतं. पत्रिकेत आचाऱ्याचं नाव छापलंय, आचारी आलेलाच नाही, असा प्रकार.

बरं, फॉन्ट राहतो कुठे? विंडोजवर सगळ्यांचा मिळून एक ‘फॉन्ट्स’ फोल्डर. पण 2018 पासून विंडोज 10 मध्ये आपल्यापुरता फॉन्टही टाकता येतो. तो जातो ‘ॲपडेटा’च्या पोटात, आणि बरीच जुनी सॉफ्टवेअर तिथे डोकावतच नाहीत. मॅकवर सिस्टिमची लायब्ररी वेगळी, सामायिक वेगळी, आपली वेगळी. लिनक्सवर तर आपले फॉन्ट टिंबानं सुरू होणाऱ्या फोल्डरात, जे मुळात दिसतच नाही. फॉन्ट सापडला नाही की सॉफ्टवेअर हाताला लागेल तो लावतं. त्याला देवनागरी येत नसेल तर नुसते डबे. अर्धवट येत असेल तर पाथर्डीचं ‘पाथर्‌डी’.

आता ‘ल’. या विषयावर मला कुणी थांबवत नाही, लोक सरळ उठून जातात. शासनानं 2009 मध्ये वर्णमाला ठरवून दिली, 2022 मध्ये पुन्हा बजावलं, की मराठीत ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा. दंडाचा ‘ल’ हिंदीचा. नोटोसारख्या फॉन्टमध्ये दोन्ही ‘ल’ असतात. मजकूर मराठी आहे असं सॉफ्टवेअरनं सांगितलं तर पाकळीचा बाहेर येतो. पण हे सांगायचं कुणी? तोवर अकोले, लोणी, बेलापूर, कोल्हार, सगळीकडे दंडच दंड. जिल्ह्याच्या जुन्या ‘अहमदनगर’ या नावात निदान ‘ल’ नव्हता. 2024 मध्ये ‘अहिल्यानगर’ झालं आणि माझं दुखणं थेट नकाशाच्या मथळ्यावर आलं. शके 1212 मध्ये याच जिल्ह्यात, नेवाशाला, सच्चिदानंदबाबांनी अख्खी ज्ञानेश्वरी उतरवून घेतली. त्यांची अक्षरं त्यांच्या बोटांत होती. मी हे सगळं घरच्यांना जेवताना सांगतो. हल्ली आमच्याकडे जेवणं लवकर आटोपतात.

अकोले तालुक्यातल्या एका ग्रामसभेत मात्र या विषयातली माझी मजा संपली. पाणलोटाचा मोठा नकाशा भिंतीवर लावला होता. छपाई दुसऱ्याच्या मशीनवर झालेली. एक म्हातारे बाबा बराच वेळ बोट फिरवत होते.

“आमची वाडी कुठंय?”

मी ओळीनं उभे असलेले पाच डबे दाखवले.

“हे तर बंधारे हायेत,” बाबा म्हणाले.

सभा हसली, मीही हसलो. बाबा हसले नाहीत. ती वाडी पक्क्या नकाशावर यायची ही पहिलीच खेप होती, आणि तिच्या ओढ्यापासून पाझर तलावापर्यंत सगळं अचूक होतं. तेवढं तिचं नाव नव्हतं. कोपऱ्यातलं माझं नाव मात्र पाकळीसकट झळकत होतं, कारण ते मी आधीच चित्र करून चिकटवून ठेवलेलं. ते कुणी वाचलं नाही, हे वेगळं.

तेव्हा नकाशेवाल्यांनो, हात जोडून एक विनंती. पीडीएफ काढताना मजकूर रेषांच्या रूपात काढण्याचा पर्याय निवडा. मग नाव शोधता येणार नाही, पण वाचता येईल. मूळ फाईल द्यायची तर फॉन्टची फाईलही तिच्याच शेजारी ठेवा. आणि फॉन्ट ‘मुक्त’ किंवा नोटोसारखा, खुल्या परवान्याचा घ्या. फुकट आहेत, आणि त्यांना वाडीचं नाव लिहिता येतं.